सुंदराच्या हातचं तेल

राघूची मोटारसायकल चालू व्हायला लागायची ती लाथ आणि थांबायला मात्र काहीच लागायचं नाही. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलात टूटी ऑइल मिसळून चालणारी, एका रिटायर झालेल्या ग्रामसेवकाकडून घेतलेली. मेंढरं कमी केली, ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला म्हणून बैलजोडीही विकली आणि त्या दावणीच्या जागी ही गाडी येऊन उभी राहिली. राजुरीत राघूचं कौतुक झालं. बायको सुंदरा मात्र दोन दिवस जेवली नाही, बैलांसाठी.

तिसऱ्या दिवशी ती गाडीजवळ गेली आणि तिची झाली. भाद्रपदातल्या पोळ्याला तिनं गाडीच्या हँडलला गोंडे बांधले, टाकीला हळदीकुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिव्याजवळ ठेवला. लोक हसले. हसणाऱ्यांना बैल विकायचं दुःख ठाऊक नसावं, दुसरं काय.

पुढं मंचरला एका लग्नात, भर वरातीसमोर, गाडी बंद पडली. पाठीमागं नवं लुगडं नेसलेली सुंदरा. पोरांनी गाडी ढकलली, कुणीतरी म्हणालं, "पावणं, मेंढरावर बसून आला असता तर टायमाला पोचला असता." त्या दिवसापासून सुंदरा गाडीवर बसेना. कुठंही जायचं तर एसटी. तिचा राग गाडीवर नव्हता, राघूवर होता.

"मुक्या जिवाला राबवून घेता आन् पोटाला घालत न्हाई," ती म्हणायची.

राघूनं ते मनाला लावून घेतलं. सुंदराशिवाय मागची सीट त्याला भुंडी वाटायची. त्यात नातीचं बारसं ठरलं, सुनेच्या माहेरी, घोडेगावला. राघूनं मनाशी धरलं, बायकोला न्यायची ती गाडीवरच. नारायणगावातून त्यानं एक नवा प्लग आणला, आठ दिवसांत तो काळा पडला. दुसरा आणला, तोही गेला. शेवटी तो जालिंदरकडं गेला. जालिंदरचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडंची पत्र्याची शेड.

जालिंदरनं प्लग काढून उन्हात धरला. टोकाला ओलं, चिकट काजळ.

"राघूभाऊ, प्लग कसा पायजे? भाजक्या शेंगदाण्याच्या सालीवानी. ह्यो तर तेलात बुडालाय, ठिणगी कुठनं पडंल? टूटी ऑइल लई वतताय तुमी."

"टोपणानं मोजून वततो मी. एक थेंब वर न्हाई."

"मग दुसरं कोणतरी वततंय."

राघूला ते पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना तो लवकर उठला आणि ओसरीवरच थबकला. सुंदरा टाकीचं झाकण उघडून उभी होती. हातात ऑइलची बाटली. पोळ्यापासूनचा रोजचा नेम असावा तसं टोपणभर तेल तिनं टाकीत ओतलं, थोडं थांबून अजून अर्धं ओतलं, आणि पदरानं टाकी पुसली. थकल्या बैलाला बांबूच्या नळीनं तेल पाजायची, तेव्हा ती अशीच पाठीवर हात फिरवायची.

"घे रं बाबा," ती गाडीला सांगत होती, "त्यो घालत न्हाई, मी घालते."

म्हणजे लग्नात वरात अडवली ती हिच्याच मायेनं. राघूला हसू आलं. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण बैल गेले तेव्हा दोन दिवस उपाशी राहिलेलं तिचं तोंड त्याला आठवलं. तो गपचूप आत जाऊन पडला.

तसाच उठून जालिंदरकडं गेला. सगळं ऐकून जालिंदर म्हणाला, "सोपं हाय. वयनीला सांगा, वतू नका."

"ते सोडून काय असंल तर सांग."

जालिंदरनं त्याच्याकडं बघितलं आणि डब्यातले प्लग फडक्यावर मांडले. "ह्यो थंड प्लग. लांब पल्ला, जोरात पळवणारांना. ह्यो मधला, तुमी आणला तसला. आन् ह्यो गरम. ह्याचं टोक तापून ऱ्हातंय, तेलाची काजळी जाळून टाकतंय. पण मग गाडी जोरात हाणायची न्हाई, इंजिन तापंल."

"मी कवा हाणली जोरात?" राघूनं गरम प्लग उचलला.

बारशाच्या सकाळी तो गाडीपाशी उभा राहिला. "बस. बंद पडली तर पुन्हा कवा म्हणणार न्हाई."

सुंदरानं टाकीवरून हात फिरवला. मग आत गेली, बाटली घेऊन आली आणि राघूच्या देखत टोपणभर तेल टाकीत ओतलं. राघूनं टाकीचं झाकण लावलं. ती लुगडं सावरून मागं बसली.

पांढऱ्या धुराचा लोट सोडत, सायकलवाल्यांनाही पुढं जाऊ देत, गाडी घोडेगावला व्याह्यांच्या दारात पोचली. एकदाही थांबली नाही. विहीणबाईनं विचारलं, "एवढ्या जुन्या गाडीवर आलात?"

"जुनी असली म्हणून काय झालं," सुंदरा म्हणाली. "रोज माझ्या हातचं पाजते तिला. ह्यांना इचारा."

राघूच्या खिशात एक जादा प्लग आणि पाना होता, वाटेत लागला तर म्हणून. त्यानं खिशावर हात ठेवला.

"व्हय," तो म्हणाला, "तिच्यामुळंच चालतीया."

आणि हे म्हणताना त्याला जराही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.