बाराचं आठ झालं

पोरगं कडेवर, पायात चप्पल नाई, अन् मी धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, पयत सुटली. शेजारची काकू फोन उचलत नोती. आपल्या आठ नंबरच्या वावरात तिनं फवारणीचा पंप पाठीवर घेतला होता. बाजूच्या सात नंबरात बाया कापूस वेचत होत्या, माही सासू बी त्यातच. वारा नेमका तिकडंच.

"काकू, थांबा, नोका मारू."

"काऊन? तुह्याच पेजवर हाय ना, आठमंदी अळीचे पाखरं लय, आजच फवारा."

म्या तसं लिव्हलंच नोतं. पण थोडंसं मारून झालं होतं. सासूचे डोळे चुरचुरले, आमी पाण्यानं धुतले.

बीटी कपाशी लावली तरी गुलाबी अळी बोंडात शिरते, म्हणून आमच्या बायांच्या गटानं वावरावावरात अळीचे पाखरं धरणारे सापळे लावले. पाळीपाळीनं एक बाई सकाळी सगळे सापळे पाह्यते, मले सांगते, अन् मी नेटवरच्या आमच्या पेजवर टाकतो. बाकीच्या वेचाले जाता जाता फोनवर वाचतात. व्हाट्सॲपवर कालचं अन् आजचं एक होऊन जाते, पेजवर फक्त आजचंच.

मी नववीतून शाळा सोडली, पण हे लिव्हणं सोपं हाय. साधं लिव्हाचं, ठळक पायजे त शब्दाच्या दोन्ही बाजूले दोन-दोन चांदण्या (**) द्याच्या, टूल त्याचं पेज बनवते. त्या दिवशी ओळीच्या सुरुवातीले वावराचा नंबर अन् टिंब दिलं: सात, मंग बारा, मंग नऊ. टूलले वाटलं ही यादी हाय. त्यानं आपल्या मनानं सात, आठ, नऊ करून टाकलं. बाराची अळी आठात गेली, अन् हे मले पेज टाकल्यावर दिसलं.

"वहिनी, बंद करा हे," दीर म्हणे. "उद्या कोनाले काई झालं त?"

मी म्हटलं, "बंद नाई करत. दुसरं पाह्यतो."

पोरगं पाळण्यात टाकून दिराच्या जुन्या लॅपटॉपवर बसली. तीन टूलं उतरवले, तिन्ही फुकटचे. पह्यलं आमी वापरत होतो तेच. त्याले रुबी नावाची कंप्युटरची भाषा लागते, अन् रुबीमांगं अजून दहा गोष्टी. दुसरं ब्राउजरातच पेज बनवते, बसवाले एकदम सोपं. पण सासूच्या साध्या फोनवर, वावराच्या कोपऱ्यात, नुसतं पांढरं दिसलं. तिसरं एकच फाईल उतरवली की चालते. सुरुवातीले त्यानं बनवलेले फोल्डर पाहून डोकं फिरलं, पण पेज हलकं, झटकन उघडे. अन् नेटवर टाकाच्या आदी घरीच पाह्यता ये.

तिघायलेही तेच सात, बारा, नऊ देऊन पाह्यलं. तिघायनंही सात, आठ, नऊच केलं.

मले रडूच आलं. मंग ध्यानात आलं, टूल बदलून हे सुटणार नाई. आता मी ओळीत आदी 'वावर' लिव्हतो, मंग नंबर, टिंब देतच नाई. घेतलं तिसरंच, कारण त्यात घरीच पाह्यता येते. अन् सासूले वाचून दाखवल्याबिगर पेज टाकत नाई. ती वावरं डोळ्यानं वळखते, चुकला नंबर लगेच धरते.

काकू फुगून होती. पुढच्या पाळीले तीच सापळे पाहून आली अन् सांगून टाकलं.

"लिव्ह. अन् तुह्या मशीनले म्हणा, माह्या वावरात अळ्या सोडू नोको."

सासू हासली. "मशीन नाई वं, हे आमच्या सूनबाईचंच काम व्हय."

त्या दिवशी बारात फवारलं, आठात नाई. तरी बटन दाबाच्या आदी मी एकेक नंबर अजून दोनदा वाचतो. दीर अजून म्हणते, बंद करा. पेज बंद केलं त बाया पुन्हा अंदाजानं फवारतील, चालू ठेवलं त माही एक चूक कोनाच्या डोळ्यात जाईल. मी चालू ठेवलं. तुमची सासू त्या सात नंबरात असती, त तुमी काय केलं असतं?