वाळका दांडा

पाओ-चूच्या जिभेला हाड नाही, हे थायनान शहरातल्या त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. तिच्या दारासमोरच्या कापराच्या झाडाला कुणी स्कूटर टेकवली, की ती चहाचा कप हातात घेऊनच बाहेर येई आणि कप रिकामा होईपर्यंत त्याला सुनावत राही. झाड सरकारी होतं. पण त्याच्या खोडावर बांधलेली अकरा ऑर्किडं तिची होती. कुणाला बढती मिळाली, कुणी दुकान उघडलं, की लाल फीत लावून ऑर्किडं भेट येतात आणि फुलं गळली की कचऱ्यात जातात. पाओ-चू बँकेच्या नि दवाखान्यांच्या मागच्या दारातून ती उचलून आणी. कुंडीतून काढायची, सडक्या मुळ्या छाटायच्या, फुलून गेलेला दांडा बुडातून कापायचा, आणि जुन्या पायमोज्यांच्या पट्ट्यांनी झाडाला बांधायची. दर रोपानंतर कात्रीचं पातं देव्हाऱ्यातल्या लायटरवर भाजायचं. एकाचा रोग कात्रीवर बसून दुसऱ्याकडे जातो, असं तिचा नवरा थिएन-फू सांगायचा.

त्या अकरांतलं एक रोप मात्र कचऱ्यातलं नव्हतं. थिएन-फू तीस वर्षं ऑर्किडच्या काचघरात राबला. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं एक संकर केला होता. पांढरं, नाजूक फूल, खालच्या ओठासारख्या पाकळीवर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. चिन-ये तेव्हा तिथं फुलं निवडणारी मुकादम. तिनं पट्टी लावली, "लहान आहे, वाकतं, टाकून द्या," म्हणाली आणि पुढच्या बाकड्याकडे गेली. सगळी रोपं खड्ड्यात गेली. एक थिएन-फूनं जेवणाच्या डब्यात लपवून घरी आणलं. आणि दैवाची खोड बघा, म्हातारपणी चिन-येनं घर घेतलं ते नेमकं समोरचं! थिएन-फूला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी या दोघी एकमेकींशी बोलत त्या फक्त भांडायला.

त्या वर्षी थिएन-फूच्या रोपाचा गाभा सडायला लागला. पण फुलं गळून गेलेल्या त्याच्या दांड्याला, दुसऱ्या पेराशी, एक पिल्लू फुटलं. दोन इवलीशी पानं आणि दोऱ्यासारख्या मुळ्या. दांडा वरून वाळला होता, तरी पाओ-चूनं त्याला हात लावला नाही. मुळ्या बोटभर झाल्याशिवाय पिल्लू तोडायचं नसतं. मूळ रोप जाणार हे तिला कळून चुकलं होतं. मग थिएन-फूचं म्हणून जगात उरणार होतं ते एवढंच.

आणि नेमका तेव्हाच वस्तीप्रमुखाला झाडांचा पुळका आला. गल्ली स्वच्छ करायची, ऑर्किडं नीटनेटकी करायची, फोटो काढायचे. हिरव्या बंड्या घातलेले स्वयंसेवक जमले. जाणकार म्हणून चिन-येलाही बंडी चढवली. पाओ-चू त्या सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. परत आली तर झाड न्हाव्याकडून आल्यासारखं दिसत होतं. वस्तीप्रमुखाच्या हातात उद्घाटनाची सोनेरी कात्री होती, मुठीला लाल गोंडा तसाच. त्या एकाच कात्रीनं अकराच्या अकरा रोपं भादरली होती.

"दांडा कुठाय?" पाओ-चूनं विचारलं.

"वाळकेच कापले हो, मावशी. बघा, कसं छान दिसतंय!" वस्तीप्रमुख म्हणाला.

"डोळे आहेत का भोकं? पिल्लू होतं त्याला!" मग तिची नजर चिन-येवर गेली. ती बंडीच्या खिशात हात घालून बाजूला उभी होती. "हिचंच काम! माझ्या नवऱ्याचं फूल एकदा फेकलंस, तेवढ्यानं पोट भरलं नाही तुझं? खुनी आहेस, खुनी!"

सगळी गल्ली दारात आली. चिन-येचं तोंड आधी उघडलं, मग मिटलं. चेहरा लालबुंद झाला.

"फेकलं," ती म्हणाली. "ओल्या कचऱ्यात. गाडी गेली मघाशीच."

कचऱ्याच्या गाडीचं गाणं अजून लांबून ऐकू येत होतं. एकाहत्तर वर्षांची पाओ-चू त्या गाण्यामागं दोन चौक धावली. मग ऐकू येईनासं झालं.

पावसाळ्यात मूळ रोप गेलं. थंडीपर्यंत बाकीच्यांच्या पानांवर पिवळी वर्तुळं उठली. कात्रीनं आपलं काम केलं होतं. पाओ-चूनं एकेक रोप सोडवून फेकून दिलं आणि नवीन आणायचं बंद केलं. स्कूटरवाल्यांनाही ती काही बोलेना. लोक म्हणाले, म्हातारी निवली. निवली कसली, आतून विझली होती.

तिसऱ्या वसंतात चिन-येच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागं, तिला एक लहान पांढरं फूल दिसलं. ओठावर चहाचे ठिपके. पुढचे दोन महिने पाओ-चू रोज सकाळी दारात खुर्ची टाकून ते फूल बघत बसे. तोंडून चकार शब्द काढला नाही. आपण ओरडलो आणि तिनं रोप खाली भिरकावलं तर, ही भीती होती.

शेवटचं फूल गळलं त्या दिवशी चिन-ये कात्री घेऊन गॅलरीत आली. पाओ-चूनं लायटर उचलला आणि समोरचा जिना चढून गेली.

"चोर!"

"हो, चोर. पुढं बोल."

"त्या दिवशी खिशात होतं ना?"

"खिशातच होतं. त्या मूर्खानं कात्री लावायच्या आत मी तोडून घेतलं. तुलाच द्यायचं होतं. तू अख्ख्या गल्लीदेखत मला खुनी म्हणालीस. मग नाही दिलं."

"आणि तेव्हा काचघरात फेकायला लावलंस, ते?"

"फूल लहानच आहे. आजही लहानच म्हणेन." चिन-येनं दांड्याकडे पाहिलं. "वाकतं ते मात्र बरं दिसतं. हे बघ, दांडा ठेवते मी. पेराला पिल्लू आलं तर घेऊन जा, आणि पुन्हा माझ्या जिन्यावर पाय ठेवू नकोस."

पाओ-चूला ते पिल्लू हवं होतं. फार हवं होतं. तिनं पान चिमटीत धरून पाहिलं. मऊ पडलं होतं. चारच पानं, आणि रोप दोन महिने फुललं होतं. दांडा ठेवला तर ते त्यालाच पोसत खंगत जाणार.

तिनं चिन-येच्या हातातून कात्री घेतली, पातं दोन्ही बाजूंनी भाजलं, थोडं निवू दिलं आणि दांडा बुडातून कापला. कापताना तिला रडू आलं, आणि ते चिन-येसमोर आलं याचा जास्त राग आला.

"पहिलटकरीण आहे," ती म्हणाली. "काहीतरी उरू दे तिच्या अंगात."

"मग तुला काय मिळालं?" चिन-येनं विचारलं.

पाओ-चूनं लायटर कठड्यावर ठेवला. "दर वेळी भाजायची. विसरलीस तर खालून ओरडेन."

खाली आली तर झाडाला कुणाची तरी स्कूटर टेकवलेली होती. पाओ-चू आत जाऊन चहाचा कप घेऊन आली.