इवायाचा पाय ब्रेकवर

माही बायको गेली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता भाकर कोण टाकीन? जीपच्या ब्रेकवर पाय कोण ठेवीन, हे कोणी विचारलं नाई.

ब्रेकच्या नळीतली हवा काढाले दोन माणसं लागतात. एकानं वर बसून ब्रेक दाबून धराचा, दुसऱ्यानं खाली निजून चाकामागचं निप्पल पान्यानं ढिलं कराचं. तेलासंगं बुडबुडे भसभस निघतात. निप्पल परत कसलं की मग वरच्यानं पाय सोडाचा. आधी सोडला तर नळी उलटी हवा ओढते, सारी मेहनत पाण्यात. आमच्या घरी पाय तिचा अन् पाना माहा. मी "दाब" म्हणो, ती "दाबलं" म्हणे, अन् दाबता दाबता मले दोन गोष्टी सुनावूनही घे.

ती गेल्यावर जीप रस्त्याले लागून असलेल्या गोठ्यातच उभी होती. उभ्या उभ्या मागची रबरी नळी चिरली. ती मी बदलली, पण तेवढ्यात आत हवा शिरली. ब्रेक दाबला की पाय सरळ तळाले जाय.

तशात एका रविवारी हिंगणीकडं जाणाऱ्या बसनं माहा इवाई आला. इवाई म्हणजे पोरीचा सासरा. वर्ध्याचा रिटायर हेडमास्तर. पोरीनंच पाठवला होता.

"सुनबाई म्हणते, जीप विकून टाका. गिऱ्हाईक मी पाहून ठेवलं आहे."

"विकत नाई."

"ब्रेक तरी लागतो का?"

"हवा निघाली की लागते."

"मग काढू. मी बसतो वर. आज ब्रेक लागला तर विकण्याचा विषय बंद. नाही लागला तर उद्या गिऱ्हाईक घेऊन येतो."

जीप गेली म्हणजे मी फाट्यावर बसून दुसऱ्याच्या गाडीले हात दाखवणारा म्हातारा झालो. ते मले मरेस्तोवर जमणार नाई. अन् त्याहून मोठी पंचाईत, इवायाले कामाले लावाचं कसं? पोर दिली तेव्हापासून ज्याच्या हातावर मी वाकून पाणी टाकत आलो, त्याले "दाब" म्हणू?

खाली निजलो. "इवाईबुवा, जरा दाबता का जी?"

"दाबला आहे, बरं का."

"थोडा धरून ठेवा, म्हणजे मी हे इकडचं..."

एवढं बोलेस्तोवर घोळ होऊन जाय. आमच्या गावात कोणाचाही इवाई आला की तो साऱ्या गावाचा पाहुणा. रस्त्यानं जाणारा थांबे, "राम राम, पाहुणे!" म्हणे, अन् हा बुवा हात जोडून अर्धा उभा राहे. उभा राहिला की पाय वर, अन् खाली नळी घटाघटा हवा पिऊन घे. एकदा झालं. दोनदा झालं. नव्या डबीतलं अर्धं तेल जमिनीत मुरलं अन् पहिलंच चाक अजून बुडबुडे ओकत होतं. तिसऱ्यांदा कोणी "राम राम" म्हटलं अन् माह्या तोंडून निघालं, "अबे म्हाताऱ्या, पाय उचलू नको न बे!"

रस्त्यावरचा माणूस भराभर पुढं निघून गेला. मी डोळे मिटून पडलो. पोरीच्या सासऱ्याले अबे म्हटलं! जीप तर गेलीच, आता पोरीचं तोंडही पाहू देतात का नाई.

मग वरून आवाज आला. हेडमास्तरची सारी शुद्ध भाषा गळून पडली होती.

"मले अबे म्हणतं का बे? निप्पल कसाले तूच उशीर करून राह्यला, अन् बोंबलतं मलेच! भाषण काऊन देतं? एका शब्दात सांग!"

"दाब!"

"दाबला!"

"सोड!"

मग काय विचारता. कोणी राम राम म्हटलं की तोच वरून ओरडे, "पाय गुतला आहे, पुढं व्हा!" दुसरं चाक झालं, तिसरं झालं. चौथ्याले तेलाची अशी धार निघाली की एक बुडबुडा नाई.

"ब्रेक खाली जातच नाई रे, दगड झाला दगड!"

मी लगेच बाहेर निघालो नाई. त्याचं "दाबला" ऐकून ऐकून मले तिचं "दाबलं" ऐकू येत होतं. तिथंच रडून घेतलं. गाडीखाली रडाले बरं असते, कोणी पाणी घेऊन धावत नाई.

"मेला का बे खाली?"

"निघतो न!"

दोघं जीपमध्ये बसलो. गावाबाहेरच्या उतारावर मी मुद्दाम जोरात नेली अन् ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी. इवाई काचेवर आदळता आदळता वाचला अन् खो-खो हसाले लागला. तिथंच त्यानं पोरीले फोन लावला.

"ब्रेक लागते, सुनबाई. हो, माह्यासमोर लागला. गिऱ्हाईकाले नाई म्हणून सांगजो. नाई, बसनं नाई येत. तुहा बाप आणून राह्यला मले. ताटं दोन वाढजो."

फोन खिशात टाकला अन् मले म्हणे, "आता हाण लवकर, भूक लागली."