अक्काचा वर्तमानकाळ
क्लासेसच्या गल्लीतून पोरांचा एका सुरातला घोष कानावर आला, की अजून माझं तोंड कडू होतं. मी लातूरच्या अशाच क्लासात पाठांतर घ्यायला शिकलो आणि मस्कतच्या शाळेत नवीन लागल्यावर इंग्रजीही तसंच शिकवू लागलो. वर्तमानकाळासाठी फळ्यावर वाक्य होतं, ‘माय सिस्टर लिव्ह्ज इन अ व्हिलेज निअर लातूर’, आणि सगळा वर्ग ते घोकायचा. लातूरकडे भूकंप झाला त्या दिवशी भावाचा फोन आला. “अक्काचं घर पडलं रे. अक्का न्हाई राहिली.” मुख्याध्यापक म्हणाले, उद्याची तपासणी होऊ द्या, मग सुट्टीचं बघू. दुसऱ्या दिवशी तपासनीस मागच्या बाकावर बसला, पंख्याखाली खडूची धूळ उडत होती, आणि पोरांनी सवयीनं तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. मी ‘लिव्ह्ज’ पुसून ‘लिव्ह्ड’ लिहिलं. राहते नव्हे, राहायची. तपासनीस जागेवरूनच म्हणाला, “सर, आज वर्तमानकाळ आहे ना?” मी पुन्हा पुसलं. अक्का पुन्हा गावात राहू लागली, पोरं आणखी मोठ्यानं ओरडली, आणि त्या तासाला मला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. त्या माणसाचं व्याकरण बरोबर होतं, म्हणूनच त्याला आजही माफी नाही.