पाण्यात न विरघळणारी हळद

२००५च्या सुमारास मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत हळदीवर संशोधन करत होते. राहायला विरारला. नातेवाईक भेटले की लग्नाचं विचारत. कामाचं विचारणारा एकच माणूस होता, जूचंद्रचा माझा मामा. त्याचा जन्म भातशेतीत आणि मिठागरात गेला. त्या वर्षी त्याला आतड्याचा कर्करोग निघाला आणि मी दर रविवारी त्याच्याकडे जाऊ लागले.

ओटीवर बसवून तो विचारायचा, "बाय, तुजी हलद कुठवर आली?"

एकदा मी नीट सांगितलं. हळदीतलं पिवळं द्रव्य काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारतं, पण पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. म्हणून आम्ही ते अतिसूक्ष्म कणांत भरतो. ते कण त्याला गाठीपर्यंत नेतील, अशी आशा.

"मिठाच्या कनापेक्षा बारीक?"

"हजार पटीने."

तो तळहाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मना दे थोरं."

"मामा, अजून उंदरांनाही दिलं नाहीये."

"म्हंजे उंदरांचा नंबर आमच्या आधी." तो हसला. मामी हसली नाही. आत जाऊन ती हळद घातलेलं दूध घेऊन आली.

"मामी, केमो चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्तीची हळद नको," मी म्हणाले. माझ्याच तोंडून हे निघालं.

तिने पेला माझ्यापुढे ठेवला. "मंग तू पी."

मी प्यायले. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मामा मार्गशीर्षात गेला. उंदरांवरचे प्रयोग पुढच्या वर्षी झाले. काहींच्या गाठी थोड्या आक्रसल्या. त्यापुढे काम सरकलं नाही, त्याचं औषध झालं नाही. पण गाठी आक्रसल्याचा आकडा हाती आला त्या दिवशी हे कुणाला सांगू, असं झालं. विरारला न जाता मी मामीकडे जायला नायगावलाच उतरले.

मामी सुकट निवडत होती. मी सांगायला लागले, तर तिने थांबवलं.

"तू परत गेलीस का तुजे मामा मना सगलं सांगायचे. मी कामात. ऐकलंच नाय कदी." सूप बाजूला सारून ती जवळ सरकली. "आता पयल्यापासून सांग."