रुमालाखालचा इंग्रजीचा तास

इंग्रजीच्या शिक्षिका कुंदा घोडके गेल्याचा निरोप आला तेव्हा मी डेस्कवर दुसऱ्या दिवशीच्या अंकाची पानं लावत होतो. निरोप उमापूरच्या एका वार्ताहराचा होता. त्याने बातमीसाठी माहिती विचारली होती... वय, शिक्षण, सेवेची वर्षं. ती दिली. तरी त्या माहितीत मॅडम आल्या नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी हे लिहितो आहे.

आमची ओळख एका तक्रारीमुळे झाली. नववीच्या इंग्रजीच्या तासाला वर्गात जनावरांचा बाजार भरतो, असं काही पालकांचं म्हणणं होतं. मी तेव्हा गेवराईत वार्ताहर होतो. जाऊन पाहिलं, तर तक्रार खरी होती. दोन मुलं समोरासमोर बसलेली, हातांवर रुमाल टाकलेला. आपल्याकडच्या बाजारात जसा बोटं दाबून भाव ठरतो, तसा त्यांचा ठरत होता. तिसरं मूल दलाल. त्याने दोघांना इंग्रजीतून पटवायचं. आकडा मात्र उच्चारायचा नाही. "भाव बोलायला बंदी केली की कारणं द्यावी लागतात," मॅडम म्हणाल्या. "आणि कारणं द्यायची तर वाक्यं लागतात." मला यात बातमी दिसत होती, त्यांना फक्त तास.

तक्रारीचा निकाल वर्गातच, मुलांसमोर आणि पालकांसमोर लावायचा, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. त्या सभेला लिंबाजी नावाचे मेंढपाळ आले होते, पण तक्रार घेऊन नव्हे. त्यांना मुलीचा, मुक्ताचा, शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. "दिवाळी झाली की कळप गोदाकाठानं खाली जातोय. रातीला मेंढरांभवती वाघरीचं जाळं लावायला माणूस न्हाई. लई शिकली आता." मुक्ता खाली बघत उभी होती. मॅडम म्हणाल्या, "दाखला मिळेल, लिंबाजीभाऊ. त्याआधी सरांना एक मेंढी विकून दाखवा. दलाल तुमची मुक्ता."

"सरास्नी? सर काय घेत्यात मेंढी!" लिंबाजी हसले, पण बसले. मुख्याध्यापकही नाइलाजाने बसले. रुमाल पडला. मुक्ताने अडखळत सुरुवात केली... ही मेंढी शांत आहे, हिचं दूध पिलाला पुरतं. मुख्याध्यापक इंग्रजीतूनच म्हणाले, फार वाळकी आहे. मुक्ताने त्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सर, शी वॉक्स मोर दॅन यू."

वर्गात हशा फुटला. "काय बोल्ली रं?" लिंबाजींनी विचारलं. पोरांनी सांगितलं, मेंढी सरांपेक्षा जास्त चालती म्हणली. लिंबाजींचा चेहरा पडला. "सरास्नी असं बोलती व्हय गं?" पण मुख्याध्यापकांचे खांदे हसून हलत होते. त्यांनी रुमालाखाली लिंबाजींची बोटं दाबली आणि रुमाल उचलला. लिंबाजी स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "म्या मागितला तेवढाच भाव दिला की! माझ्या जल्मात असं झालं न्हाई." मग बाजारच्या रीतीप्रमाणे ते मुलीकडे वळले. "बोल, दलाली काय घेशील?"

दलाली दिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मुक्ता मराठीत म्हणाली, "दाखला काढू नका, आबा."

"सरासमोर अडकिवलंस मला," लिंबाजी म्हणाले. "ऱ्हा मावशीकडं. वाघर मी अन् तुझी माय लावू." तक्रारीचा विषय मग कुणी काढलाच नाही.

मुक्ता पुढे बारावी झाली. आता वडिलांचा कळप तीच बघते. मॅडम गेल्यानंतर माजलगावच्या बाजारात भेटली. तिने एक मेंढी विकली, दावं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि विचारलं, "दादा, माझ्या कुठल्या बोलण्यावर ऐकलं तुमी?" मॅडम प्रत्येक सौद्यानंतर मुलांना हेच विचारत. गिऱ्हाईक वैतागलं. "बोलण्यावर कशाला? मेंढी बगून घेतली." मुक्ता हसली. तो मेंढी ओढत थोडा पुढे गेला, थांबला, मागे वळला. "पिलासाठी मेंढी रात्रभर रडली, ते सांगितलंस ना... तवा ऐकलं."

मॅडमच्या वर्गातही उत्तर असंच यायचं, बाकाकडे परत जाताना.