सत्तेचाळीसाव्या अंकातली आई

लालबागपासून गिरगावपर्यंत मला सौद्यात हरवणारा एकच माणूस आहे, आणि त्या माणसाला सौद्यातलं ओ की ठो कळत नाही. तो माणूस म्हणजे माझे साडू. बाटली-पेपरच्या हातगाडीपासून सुरुवात करून मी गिरगावात जुन्या सामानाचं दुकान उभं केलं आहे. चाळ रिकामी होऊ लागली की पहिला निरोप मला येतो. सागवानी कपाटाकडे बघून त्याच्या मालकाला किती घाई आहे ते मी सांगू शकतो. माझं डोकं लवकर तापतं हे मान्य, पण धंद्यात तापलेलं डोकंही कामाला येतं. साडूंच्या बाबतीत मात्र ते नुसतंच तापतं.

साडू कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आता परळला एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. त्यांचा सगळा जीव मुखवटे घालून उडणाऱ्या लोकांत. कॉमिक्स, मालिका, सिनेमे, गेम, त्यांना काहीच वर्ज्य नाही. या उडत्या मंडळींबद्दल ते घरच्या माणसांसारखं बोलतात. एकदा आमच्याकडे जेवायला आले ते चेहरा पाडूनच. माझ्या बायकोने घाबरत विचारलं, तर म्हणाले, "त्याचं लग्न मोडलं हो." आम्ही अर्धा तास नात्यातली सगळी लग्नं आठवत बसलो. मोडलं होतं ते कुठल्याशा मालिकेत हातातून बर्फ फेकणाऱ्या एका गृहस्थाचं. टीव्हीवर ते गाड्यांचा गेम खेळतात. मागे खलनायक लागलेला, पुढे शहर पेटलेलं, आणि हे लाल सिग्नलला थांबतात. का, तर लोक रस्ता ओलांडत असतात. आजवर एकही डाव त्यांनी पूर्ण केलेला नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. गेल्या वर्षी वरळीला अशा शौकिनांचा मेळा भरला, तिथे ते वेष करून गेले. पाठीवर सोडायचा लांब झगा माझ्या मेहुणीने लग्नातल्या शालूचा शिवून दिला, पण जरीचा काठ काढायला ती तयार झाली नाही. पोरापोरींनी रांग लावून त्यांच्याबरोबर फोटो काढले. हा कोण वीर, ते मात्र एकालाही ओळखता आलं नाही.

ओळखणार कसा? तो वीर साडूंच्या लहानपणी मराठीत निघणाऱ्या एका कॉमिक्समधला. दिवसभर पोस्टात टपाल लावायचं आणि कचेरी सुटली की निळा मुखवटा चढवून गिरण्यांच्या चिमण्यांवरून उडायचं, असा त्याचा दिनक्रम. प्रकाशक कधीच बुडाले. साडूंकडे त्याचे अंक एक ते छप्पन आहेत. प्रत्येकाला वेगळी प्लास्टिकची पिशवी, पाठीला पुठ्ठा. उघडायचा तर आधी हात धुवायचे, पुसायचे, पंख्याखाली वाळवायचे. नाही तो फक्त सत्तेचाळीसावा. सेहेचाळीसाव्याच्या शेवटी तो वीर घराच्या दारात आईसमोर उभा राहतो आणि मुखवट्याला हात घालतो. अठ्ठेचाळीसाव्यात आईला सगळं ठाऊक असतं. मधे ती त्याला काय म्हणाली? हा प्रश्न त्या माणसाने शाळेपासून निवृत्तीपर्यंत सांभाळला. आमटी वाढून घेताना मधेच विचारायचे, "रागावली असेल का हो, शेठ?" सुरुवातीला मी हसायचो. पुढे पुढे उत्तर द्यायचं टाळायला लागलो, कारण दुकानात बसल्या बसल्या माझ्याही मनात तेच यायला लागलं होतं. नेटवर शोधलं, तर त्या अंकाचं फक्त मुखपृष्ठ मिळालं.

आता माझ्या मनातला सल सांगतो. फणसवाडीत एक चाळ पाडायला निघाली होती. तिथल्या एका काकूंच्या खोलीतलं सगळं सामान मी एका रकमेत ठरवत आणलं होतं. त्यात कॉमिक्सची एक ट्रंक होती, ती काकू रद्दीच्या भावात द्यायला तयार होत्या. मी साडूंना बघायला नेलं. वाटेत तीनदा बजावलं, तोंड उघडायचं नाही, किंमत असेल तर एकदा खोकायचं, नसेल तर घड्याळ बघायचं. आमच्या धंद्यात हे असंच चालतं. साडूंनी ट्रंक उघडली, वरचे चार-पाच अंक बाजूला केले आणि ते मटकन जमिनीवर बसले. सत्तेचाळीसावा होता. मी खोकल्याची वाट बघत होतो. काकूंना वाटलं चक्कर आली, त्या पाणी आणायला उठल्या. तेव्हा साडू म्हणाले, "काकू, हे रद्दीत देऊ नका. जाणकार याचे बरे पैसे देतात." आणि भावही सांगून टाकला.

सौदा तिथेच संपला. जिन्यात मी त्यांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "माझं नुकसान केलंत ते केलंत, निदान तो अंक तरी वाचायचा होतात. दहा मिनिटांचं काम."

"त्यांचा होता ना तो. विचारल्याशिवाय कसा वाचणार?"

"मग विचारायचं."

"विचारलं असतं तर त्यांनी देऊनच टाकला असता, शेठ."

आठ महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या महिन्यात काकूंनीच फोन केला. घर सोडायची वेळ आली होती, ट्रंक नेणारं दुसरं कोणी नव्हतं. मी गेलो आणि साडूंनी सांगितलेला भाव मोजून ती ट्रंक उचलली. घासाघीस न करता घेतलेली माझ्या आयुष्यातली ती एकमेव वस्तू. साडूंची साठीशांत आठवड्यावर आली होती. पहिला मान त्यांचा म्हणून सत्तेचाळीसावा मी उघडलाही नाही, आणि द्यायचं तर नीट द्यावं म्हणून सगळे अंक गिरगावातल्या बाइंडरकडे दिले. घरची पोथी, जुने दिवाळी अंक आपण बांधून घेतोच की. लाल रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आणि कडा यंत्रावर कापून अशा एकसारख्या केलेल्या की बोट फिरवत राहावं.

शांतीची जेवणं आटोपल्यावर मी तो ग्रंथ त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी सोनेरी अक्षरं वाचली. मग कडेवरून बोट फिरवून हलक्या आवाजात म्हणाले, "कापल्यात वाटतं." मी अभिमानाने हो म्हणालो. या लोकांत कापलेल्या अंकाला कवडीची किंमत राहत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते उठले, हात धुवून आले आणि सत्तेचाळीसावा काढला.

शेवटच्या पानावर वीराने मुखवटा काढला होता. उंबऱ्यात आई उभी होती. तिचं बोलणं पानाच्या अगदी तळाशी छापलेलं, आणि तळ यंत्राखाली गेलेला. उरली होती एक शिरोरेषा आणि तिच्यावर दोन-तीन वेलांट्या.

मी तिथूनच बाइंडरला फोन लावला आणि त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. कातरण कधीच कचऱ्यात गेली होती. साडूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मला खाली बसवलं. म्हणाले, "तुम्ही सांगा, शेठ. काय म्हणाली असेल?"

का कोण जाणे, मी सांगितलं. चौदाव्या वर्षी मी गावाहून न सांगता पळालो होतो. सात वर्षं पत्र नाही. गाडा स्वतःचा झाल्यावर एकदा गेलो, तेव्हा आई दारातच होती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इलंस? पाय धू, जेवूक बस."

साडूंनी भिंग आणलं. शिरोरेषा बघितली, वेलांट्या बघितल्या. आईचं वाक्य तिथे कुठेच बसत नव्हतं, ते मलाही दिसत होतं. तरी त्यांनी पेन्सिल घेतली आणि कापलेल्या कडेला लागून, बारीक अक्षरात ते लिहिलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "जेवलो."